सोनं आणि जुनं तेल: दोघांची गाठ खडकात कशी पडते?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या चुलत्यांनी खटाव तालुक्यात, येरळा नदीपासून जवळच, नवं बोअर मारलं. पाणी बरं लागलं. पण टाकीत साठवलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला, आणि बोअरमधून निघालेल्या चुऱ्यात पांढऱ्या खड्यांना चिकटलेले पिवळे चमकदार कण सापडले. झालं, गावात सुरू: "खाली तेल हाय, आन् जिथं तेल तिथं सोनं." एका पाहुण्यांनी मोबाईलवर दाखवलं की आफ्रिकेतल्या मोठ्या सोन्याच्या खाणींत जुन्या तेलाचे अवशेष सापडतात. तेवढ्यावर एक जण येऊन चुलत्यांना सांगून गेला की जमिनीचा करार करा, तपासणीचा निम्मा खर्च तुम्ही घाला. चुलते अजून हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

बोअरचं काय ते सांगाच. पण मला त्याहून मोठा प्रश्न पडलाय. तेल होतं मेलेल्या जिवांपासून, सोनं म्हणजे धातू. या दोघांचा खरोखर काही संबंध असतो का? असेल तर कशामुळे?

बोअरवाला_माण
तवंगाचं आधी सांगतो, आमचं रोजचं आहे. हॅमर चालताना कंप्रेसरच्या हवेबरोबर त्यात ऑइल सोडावंच लागतं, नाहीतर हॅमर जाम होतो. ते ऑइल खाली जातं आणि बोअर नवं असताना पाण्याबरोबर वर येतं. फ्लशिंग नीट केलं आणि मोटर सलग चालवली की जातं.

दुसरं कारण लोखंडाचं. पाण्यात लोह असेल तर त्यावर जगणारे जिवाणू असाच रंगीत पापुद्रा धरतात. काडी घालून तवंग फाडून बघा. पापुद्रा असेल तर त्याचे कोनेदार तुकडे होतात आणि वेगवेगळे तरंगत राहतात. तेल असेल तर काडी काढल्याबरोबर परत एक होतं.

विटेकर
मी मूळचा विट्याजवळचा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, सध्या केरळात. पिवळ्या कणांसाठी कुणालाही पैसे देऊ नका. एक कण चिमट्यानं उचला, ऐरणीवर ठेवा आणि हलक्या हातानं ठोका. सोनं असेल तर चपटं होऊन पसरेल. भुगा झाला तर विषय संपला. तरी शंका राहिली तर गावच्या सोनाराकडे जाऊन कसोटीवर घासा. सोन्याचा कस पिवळाच उतरतो, पायराइटची, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाची, रेघ काळपट हिरवी येते. तापवलं तर गंधकाचा वास सुटतो.

तुमचा मोठा प्रश्न मात्र मलाही हवा आहे. आमचा सगळा जन्म मूस, टाकणखार आणि कोळशात जातो. खाणीतलं सोनं खडकात कुठून येतं हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

खडकवाचक
मी कराडचा, कोअरच्या, म्हणजे छिद्रातून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांच्या कामात आहे. येरळाकाठ दादा, आपल्या भागात खाली काय आहे हे तर्कावर सोडायची गरज नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी खोल छिद्रं घेतली गेली आहेत. हजारमाचीला त्यासाठीच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. रासाटीच्या छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट, म्हणजे आपला लाव्हाचा काळा पाषाण, लागला. गोठण्याला २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं, तिथं सुमारे १२५० मीटर बेसॉल्ट. दोन्हीकडे बेसॉल्ट संपला की थेट ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा जुना रूपांतरित खडक). मधे गाळाच्या खडकाचा थरच नाही.

तेलाला आधी गाळ लागतो. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साठलेला, सेंद्रिय द्रव्यानं भरलेला काळा गाळ. तो गाडला जाऊन साधारण ६० ते १२० अंशांपर्यंत तापला की तेल सुटतं. जिथं काळा पाषाण सरळ ग्रॅनाइटवर बसलाय तिथं तेल येणार कुठून? खटाव कोयनेच्या पूर्वेला आहे, पण हाच लाव्हा तिकडेही पसरलाय आणि शेतातलं बोअर त्याच्या वरच्या काहीशे फुटांतच फिरतं. चुऱ्यातले पांढरे खडे हे पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट, कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ (गारगोटी) या खनिजांचे असणार. त्यांच्यावर कधी कधी पायराइट बसतं.

करार अजिबात करू नका. तेल असो वा सोनं, सरकारी परवान्याशिवाय कुणाला शेतकऱ्याशी खाजगी कागद करून शोध घेता येत नाही.

मोठ्या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी सविस्तर लिहितो. विषय माझ्या फार जवळचा आहे, घाईत उरकायचा नाही.

येरळाकाठ
कण ठोकला. काळा भुगा झाला. चुलत्यांनी त्या माणसाला फोन करून नाही सांगितलं. सगळ्यांचे मनापासून आभार. खडकवाचक सर, आता सविस्तर येऊ द्या.

खडकवाचक
साध्या कुठल्याही खडकाच्या एका टनात सोनं जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. खाण चालायची तर टनाला काही ग्रॅम लागतं. म्हणजे निसर्गानं ते हजारपट गोळा केलेलं असलं पाहिजे. सोनं तयार कशानं झालं हा प्रश्नच नाही, तेल काही सोनं बनवत नाही. विचारायचं ते एवढंच: विखुरलेलं सोनं कुणी उचललं, कुणी वाहून नेलं, आणि त्याला नेमकं कुठं खाली ठेवलं?

वाहून नेतं ते बहुतेक वेळा गरम पाणी. त्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, विरघळलेला असेल तर गंधक सोन्याला धरून ठेवतं आणि सोनं पाण्याबरोबर किलोमीटरच्या किलोमीटर चालतं. ते गंधक काढून घेतलं की सोनं पाण्यात राहू शकत नाही, जागीच बसतं.

आता यात तेल कुठं येतं ते बघा. तेलाचा साठा गाडला जाऊन आणखी तापला, आणि शेजारी जिप्समसारखे सल्फेट असले, तर साधारण १०० ते १४० अंशांच्या वर तेलातले हायड्रोकार्बन त्या सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पाण्याला मिळाला तर हाच वायू सोन्याचा वाहक होतो. आणि खडकात लोह असेल तर गंधक लोहाकडे जातं, पायराइट तयार होतं, सोनं निराधार होऊन त्याच पायराइटच्या कडेवर बसतं. एकच वायू एका ठिकाणी सोनं चालवतो आणि दुसऱ्या ठिकाणी थांबवतो. मला या सगळ्या विषयात हे सर्वांत सुंदर वाटतं.

शिवाय रस्ता एकच असतो. तेल वर सरकतं ते भेगांमधून आणि सच्छिद्र थरांतून, आणि अडतं ते खडकाच्या घडीच्या कमानीखाली, वर चिकणमातीच्या खडकाचं घट्ट झाकण असेल तिथं. काही कोटी वर्षांनी सोन्याचं पाणी वर येतं तेव्हा त्यालाही त्याच भेगा, तेच झाकण. एका बोळातून पहाटे दूधवाला जातो आणि दुपारी पोस्टमन, म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक खाणीत पहिला प्रश्न वेळेचा: तेल आधी आलं की सोनं?

आणि कधी कधी नातं खरोखर रक्ताचंही असतं. काळ्या शेलमधलं, म्हणजे चिकणमातीच्या थरथरांच्या खडकातलं, सेंद्रिय द्रव्य समुद्राच्या पाण्यातून सोनं आणि आर्सेनिक थोडं थोडं धरून ठेवतं, त्या गाळातल्या पायराइटमध्ये ते साठतं. पुढे त्याच शेलमधून तेल सुटतं, आणि आणखी खोल, आणखी गरम झाल्यावर सोनंही सुटतं. दोघांची आई एक, निघण्याच्या वेळा वेगळ्या.

मिरजमळा
मी रसायनशास्त्र शिकवते. खडकवाचक सर, एक बाजू तुम्ही सोडलीत असं मला वाटतं. तेल स्वतःच सोनं वाहून नेऊ शकतं. कच्चं तेल आणि सोनं १०० ते २५० अंशांपर्यंत एकत्र तापवून प्रयोग झालेले आहेत, आणि तेलात सोनं मोजता येईल इतकं उतरतं. तेलातली गंधकाची सेंद्रिय संयुगं सोन्याला चांगलीच धरतात, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदी स्वाभाविक आहे. काही संशोधक तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण तेलातून तरंगत जातात असंही मांडतात. मग सगळं श्रेय पाण्यालाच का?

खडकवाचक
मॅडम, मुद्दा रास्त आहे. पण त्या प्रयोगांत उतरलेलं सोनं अब्जांश भागांत मोजावं लागतं. इतक्या पातळ तेलातून खाण भरायची तर तेलाचा प्रचंड लोंढा त्या एकाच जागेतून गेलेला असला पाहिजे. काही खोऱ्यांत ते शक्य आहे, सगळीकडे नाही. आणि तेल २०० अंशांच्या आसपास टिकतच नाही फार. तुटून त्याचा वायू होतो आणि मागे काळा, ठिसूळ पायरोबिटुमेन राहतो. बऱ्याच खाणींत सोन्याचं पाणी आलं तेव्हा तेल मरून गेलेलं होतं, असं त्या खडकांवरून दिसतं.

अमेरिकेतल्या नेवाडाचं उदाहरण घेऊ. कार्लिनचं सोनं १९६१ साली सापडलं आणि १९६५ पासून खाण चालू झाली. खडक साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्रातला, चुनखडीचा आणि सेंद्रिय द्रव्यानं काळा. त्यात तेल झालं, मुरलं, तापून मेलं. सोनं आलं ते सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी, २०० अंशांच्या आसपासच्या पाण्यातून. म्हणजे त्या पट्ट्यात तेल कितीतरी आधी होऊन गेलेलं. पाण्यानं चुनखडी विरघळवली, तिच्यातलं लोह मोकळं झालं, आणि त्या लोहानं गंधक पकडल्यावर सोनं आर्सेनिकवाल्या पायराइटच्या कडेत जाऊन बसलं. इतकं बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही.

विटेकर
म्हणजे ती माती पाटीत कितीही धुतली तरी कण दिसायचा नाही?

खडकवाचक
नाही दिसायचा. म्हणूनच तो डोंगर इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यासमोर असून कुणाला कळला नाही. पाटी घेऊन सोनं शोधणारे त्याच भागातून पुढे निघून गेले.

विटेकर
मग बाहेर कसं काढतात? आमच्याकडे झारेकरी पेढीची राख आणि झाडलोट विकत घेतो, धुतो, पूर्वी पारा लावायचे. जुन्या मुशीसुद्धा फोडून दळतात, कारण त्यांच्या भिंतीत सोनं शिरलेलं असतं. पण तिथं निदान कण तरी असतो.

मिरजमळा
विटेकर दादा, याचं उत्तर मी देते. खाणीत दळलेला खडक सायनाइडच्या पातळ द्रावणात घालतात. सोनं त्यात विरघळतं. मग ते परत पकडायला द्रावणात सक्रिय कोळसा सोडतात, आणि जगभर त्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा पसंत करतात, कारण तो टणक असतो आणि त्याची भोकं अगदी बारीक. सोनं कोळशाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं. कोळसा चाळून बाजूला काढायचा, सोनं त्याच्यावरून उतरवून घ्यायचं.

पण खडकातच जुना कार्बन असेल तर? म्हणजे मेलेल्या तेलाचा पायरोबिटुमेन, किंवा शेलमधलं काळं द्रव्य? तोही तेच करतो. सायनाइडमध्ये उतरलेलं सोनं आपण पकडायच्या आधी तो ओढून घेतो आणि गाळाबरोबर टाकून द्यायची वेळ येते. खाणवाल्यांची ही खरी डोकेदुखी आहे. म्हणून असा खडक आधी भट्टीत भाजतात, म्हणजे कार्बन जळतो आणि पायराइटही फुटतं. काही ठिकाणी जास्त दाबाच्या पात्रात ऑक्सिजन देऊन पायराइट फोडतात. आणि एक जुनी युक्ती मला फार आवडते: खडकात थोडं रॉकेल मिसळायचं. रॉकेल त्या कार्बनच्या पृष्ठभागावर बसून राहतं, मग सोन्याला तिथं जागा उरत नाही.

विटेकर
मॅडम, चाळीस वर्षं कोळसा फुंकणाऱ्या माणसाला आज कळलं की कोळसा सोनं धरतो. आमच्या मुशीत असं काही होत नाही.

मिरजमळा
होणार नाही. तिथं सोनं धातू म्हणून वितळलेलं असतं. कोळसा धरतो ते सायनाइडशी जोडलं जाऊन पाण्यात विरघळलेलं सोनं.

येरळाकाठ
पण ज्यामुळे हे सगळं सुरू झालं ती आफ्रिकेची खाण राहिलीच की.

खडकवाचक
मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही. जोहान्सबर्गजवळचं विटवॉटर्सरँड. तिथं १८८६ साली सोनं सापडलं आणि शहरच उभं राहिलं. आजवर चाळीस हजार टनांहून जास्त सोनं त्या एका खोऱ्यातून निघालं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सोन्याच्या पट्ट्यानं एवढं दिलेलं नाही. खडक सुमारे २९० कोटी वर्षांपूर्वीचा, नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा. तेव्हा हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे पायराइटचे आणि युरेनियमच्या खनिजाचे कण नदीतून गोल होत वाहत येऊ शकत होते. आज असे कण नदीत टिकणार नाहीत, गंजून जातील.

त्या गोट्यांच्या थरांत काही ठिकाणी काळ्या कार्बनची पातळ पट्टी असते, आणि तिच्यात सोनं अक्षरशः ठासून भरलेलं. कार्बन कुणाचा? एक मत असं की त्या वेळच्या सूक्ष्म जिवांच्या थराचा, तो जागीच वाढला आणि नदीचं सोनं त्यात अडकलं. दुसरं मत असं की खोऱ्यातल्याच शेलमधून सुटलेलं तेल गोट्यांच्या फटींतून वाहत आलं, आणि युरेनियमच्या किरणोत्सर्गानं ते जागीच घट्ट होऊन बसलं. दुसऱ्या मताला भक्कम आधार आहे: क्वार्ट्झच्या आत अडकलेले तेलाचे थेंब तिथं सापडले आहेत. तेल फिरलं यात मला शंका नाही.

पण सोनं त्या तेलानं आणलं, की नदीनं आधीच आणून ठेवलं होतं आणि नंतर तेलानं अन् गरम पाण्यानं त्याची फक्त जागा बदलली? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. नदीनं आणलं, पुढं ते थोडं हललं. सोन्याचे कण पायराइटच्या गोल कणांशेजारीच, नदीच्या प्रवाहानं जड खनिजं जिथं साठवली त्याच थरांत जास्त सापडतात. तेलाचा लोंढा इतका शिस्तीत तेच थर निवडेल हे मला पटत नाही.

मिरजमळा
मला ते तितकं अशक्य वाटत नाही, सर. जड खनिजांच्या थरातच युरेनियम असतं आणि युरेनियम तेलाला तिथंच गोठवतं. म्हणजे तेलानं थर निवडला नाही, थरानं तेल अडवलं. आणि तेलाबरोबर सोनं असेल तर तेही तिथंच अडेल.

खडकवाचक
हा मुद्दा ताकदीचा आहे. म्हणूनच वाद टिकून आहे.

दक्षिणवारी
वाचतोय, छान चाललंय. एक विचारतो. मुंबई हायचं तेल १९७४ ला सापडलं. तिथं सोनं का नाही? आणि कोलारला सोनं होतं, तिथं तेल का नाही?

खडकवाचक
मुंबई हायचं तेल चुनखडीत साठलंय, खडक भूशास्त्राच्या मानानं तरुण आणि तेल अजून जिवंत आहे. म्हणजेच तो खडक फार तापलेला नाही. सोन्याचं गरम पाणी तिथं आलेलं नाही. आलं असतं तर तेल टिकलं नसतं. कोलार अगदी उलट. तिथले खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, आणि सोनं खोल कवचातून आलेल्या पाण्यानं क्वार्ट्झच्या शिरांत भरलं. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, २००१ साली बंद झाली, पण तेलाशी तिचा संबंध कधी नव्हता. रायचूरजवळची हट्टीही त्याच जातीची. जगातलं बरंचसं सोनं तेलाशिवायच साठलेलं आहे, त्यामुळे "जिथं तेल तिथं सोनं" हे वाक्य कुठल्याच बाजूनं खरं ठरत नाही.

दोघं खरोखर शेजारी दिसतात ते गाळाच्या खोऱ्यांत, जिथं नंतर उष्णता आली. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात असे जुने, मेलेले तेलसाठे आणि कार्लिनसारखं बारीक सोनं एकाच घुमटाच्या आसपास सापडतं, बिटुमेनसकट, म्हणजे तेलाच्या डांबरासारख्या अवशेषासकट. पाराही त्या प्रांतात भरपूर. कॅलिफोर्नियात १९७८ साली सापडलेली मॅक्लॉफ्लिनची खाण तर जुन्या पाऱ्याच्या खाणीच्याच जागेवर होती. तिथं गरम झऱ्यांनी सोनं आणलं, आणि त्या सिलिकाच्या शिरांत आजही पेट्रोलियम अडकलेलं दिसतं. म्हणजे तिथं तेल आणि सोन्याचं पाणी एकाच वेळी भेगांत होतं. कार्लिनमध्ये तेल आधी, इथं सोबत. म्हणून मी वेळेवर एवढा जोर देतो.

विटेकर
सोनं, पारा, गंधक. आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी ही तीन नावं कायम एकत्र असायची. पाऱ्याच्या खाणीतच सोनं निघालं हे वाचून अंगावर काटा आला.

शेल_आणि_शाळा
मी सांगलीत भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर, आधी तेल की आधी सोनं हे सूक्ष्मदर्शकाखालच्या खडकाच्या पातळ कापावरून, म्हणजे स्लाइडवरून, कसं ओळखायचं? प्रकल्पाला हाच विषय घ्यायचा विचार आहे. आपल्याकडे नमुने मिळतील का?

खडकवाचक
घे, जरूर घे. बेसॉल्टवर यातलं काही मिळणार नाही, पण कॉलेजच्या संग्रहात गोट्यांच्या खडकाचा किंवा काळ्या शेलचा परदेशी नमुना असतो का ते सरांना विचार. नसेल तर क्वार्ट्झच्या शिरेवर पद्धत तरी शिकून घे.

दोन्ही बाजूंनी घासलेली, नेहमीपेक्षा जाड स्लाइड करून घे. क्वार्ट्झ किंवा कॅल्साइटच्या आतल्या थेंबांवर अतिनील प्रकाश टाक. पाण्याचा थेंब काळाच राहील, तेलाचा पिवळा किंवा निळसर चमकेल. चमकणारे थेंब स्फटिक वाढत असतानाच्या पट्ट्यांत ओळीनं बसले असतील तर तेल शिरेच्याच वेळचं. नंतर भरून आलेल्या भेगेच्या रेषेवर असतील तर तेल नंतर आलं. मग परावर्तित प्रकाशात बिटुमेन आणि पायराइट कसे भेटतात ते बघ. बिटुमेनच्या तड्यात पायराइट शिरलं असेल तर बिटुमेन आधीचं. पायराइटच्या कडांमधल्या रिकाम्या जागेत बिटुमेन भरलं असेल तर उलट. एका ठिकाणी बघून ठरवू नकोस, एकाच स्लाइडमध्ये दोन्ही सापडू शकतात, कारण तेलाच्या एकाहून जास्त लाटा येतात. प्रत्येक ठिकाणाचा फोटो मोजपट्टीसह काढ आणि इथं टाक, मॅडम आणि मी दोघं बघतो.